पंगतीतून उठताना

बाथरूममध्ये नुसता तोल गेला, भिंतीला हात टेकवला आणि मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हाडं ठिसूळ व्हायला लागलीत." गोळ्या दिल्याच, शिवाय चाला, जिने चढा, सकाळचं ऊन घ्या, दूध-तीळ-डाळी पोटात जाऊ द्या, असंही बजावलं. माझ्या डोळ्यांपुढे आई होती. तिच्या खुब्याचं ऑपरेशन चांगलं झालं, पण नंतर पाचोडला, माझ्या माहेरी, खाटेवरून ती उठलीच नाही. मला तसं पडून राहायचं नव्हतं.

घरात मात्र उलटाच कारभार सुरू झाला. मुलानं भाजीची पिशवी हातातून काढून घेतली. नवऱ्यानं देवघरापुढे प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली. "तू बस, मी बघतो," हे ऐकून ऐकून माझं डोकं फिरलं. खुर्ची उचलून बाल्कनीत नेली आणि तिच्यावर कुंडी ठेवून दिली.

उन्हाला तर आमच्या शहरात काय तोटा? रोज सकाळी गच्चीवर बसू लागले. पुढच्या तपासणीत ड जीवनसत्त्व कमीच, होतं तिथंच. डॉक्टरीणबाई चक्रावल्या.

"ऊन घेता ना? कशा बसता?"

मी सांगितलं. तोंडाला स्कार्फ, अंगात सनकोट, कोपरापर्यंत हातमोजे. स्कूटीवर निघताना इथल्या बायका स्वतःला जसं गुंडाळून घेतात, तशीच मी उन्हात बसत होते. त्या हसल्या, मग मलाही हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी सनकोट खुंटीला गेला. हात काळे पडले तर पडले, माझं काय आता लग्न जमवायचंय?

लिफ्ट सोडली. भाकरीबरोबर तिळाची चटणी आली. आणि रोज जमिनीवर बसून काही न धरता उठायचा सराव सुरू केला. सुरुवातीला सोफ्याची कड सुटत नव्हती. चिडचिड व्हायची, रडूही यायचं, पण मी सोडलं नाही.

परवा भावाच्या नातवाच्या जावळाला पाचोडला गेलो. पंगत खालीच होती, पण वहिनीनं माझ्यासाठी खुर्ची मांडलेली.

"ताई, तुमी वर बसा. खाली लई तरास व्हईल."

मी खालीच बसले. जेवणं झाली तसा नवरा हात पुढं करून उभा राहिला.

"हात नको," मी म्हणाले.

एक गुडघा टेकला, तळवा मांडीवर रेटला आणि उठले. गुडघा कडकन वाजला, पण मला इतका आनंद झाला की तिथंच एक गिरकी घ्यावीशी वाटली.

वहिनी पत्रावळी उचलायला वाकली होती, ती तशीच थांबली. आईचं सगळं तिनंच केलं होतं, अगदी मनापासून. पाण्याचा पेलासुद्धा हातात नेऊन दिला होता.

"ताई," ती हळूच म्हणाली, "आईला आपण उठूच दिलं नाय."