शेळीचे वरचे दात

मुलांसाठी चित्रांची पुस्तकं लिहायची आणि त्यांतली चित्रंही आपणच काढायची, हे तिचं सव्वीस वर्षांचं काम. नव्या पुस्तकात मोजून चौऱ्याऐंशी शब्द होते आणि ते लिहायला तिला चार महिने लागले होते. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. एकदा शेजारणीला सांगितलं, तर ती म्हणाली, "चौऱ्याऐंशी? आमची धाकटी तेवढे एका दमात बोलते." तेव्हापासून तिने कानाला खडा लावला होता.

गोष्ट साधी होती. एक शेळी भिंतीवर चढून बसते. खाली उतर म्हणून सगळी गल्ली तिची मनधरणी करते. ती ढिम्म. शेवटी सगळे कंटाळून आपापल्या घरी जातात, तेव्हा ती आपली आपण उतरते. संपलं.

प्रकाशनाचा संपादक तरुण होता, बोलायला मधासारखा गोड. कुठलीही मागणी "मॅडम, एक छोटासा बदल" अशीच सुरू व्हायची, त्यामुळे तिच्या घरात त्याचं नावच 'छोटासा बदल' पडलं होतं. "तुझ्या छोट्याशा बदलाचा फोन आलाय गं," असं नवरा आतून ओरडला, की तिच्या कपाळावर आठी पडायची.

पहिला छोटासा बदल होता तात्पर्याचा. यातून मुलांनी काय शिकायचं? "शेळीला उतरायचं तेव्हा शेळी उतरते, हे," ती म्हणाली. दुसरा, भिंतीच्या जागी कुंपण दाखवता येईल का, नाहीतर मुलं भिंतीवर चढतील. "मग ती कुंपणावर चढतील आणि वर तारा लागतील," ती म्हणाली. दोन्ही वेळा त्याने माघार घेतली, म्हणून ती गाफील राहिली. तिसरा फोन आला तेव्हा रंगकाम संपत आलं होतं.

"मॅडम, शेळी फार गंभीर वाटतेय. ती जरा हसरी करता येईल का? छान दात दिसतील अशी. मुलांना हसरे प्राणी आवडतात."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही शेळी हसणारी नव्हतीच. खाली चाललेल्या आरडाओरड्याकडे ती थंडपणे बघत रवंथ करायची, त्यातच सगळी गंमत होती. तिने हे तीनदा समजावलं. तो तीनदा "अगदी बरोबर" म्हणाला आणि चौथ्यांदा म्हणाला, "मग हसरी करूया ना?" शेवटी तिने हात टेकले.

जलरंगात खोडरबर चालत नाही. शेळीची सोळाच्या सोळा तोंडं वेगळ्या कागदावर नव्याने रंगवायची, ब्लेडने कडेकडेने कापायची आणि जुन्या तोंडांवर बेमालूम चिकटवायची, असं ते काम. त्यातून तिची कामाची खोली गेलेली. थोरल्या नणंदेचा पाय मोडला होता. गावी तिचं करायला कोणी नाही, म्हणून तिला इकडे आणलं आणि खोली तिला दिली. द्यायला हवी, असं हिनेच म्हटलं होतं, त्यामुळे तक्रारीलाही जागा नव्हती. आता जेवणाच्या टेबलावर सकाळी बशा उचलायच्या, चित्रांची फळी मांडायची, दुपारी फळी उचलून ताटं मांडायची. एका शेळीच्या कानावर चहाचा गोल डाग पडला. कपाचा मालक कोण, ते दोघं भावंडं एकमेकांवर ढकलत राहिली.

नऊ दिवसांनी सोळा हसऱ्या शेळ्या तयार झाल्या. कितीही राग आला असला तरी काम चोख झालं होतं. पांढरेशुभ्र दात, वर सहा, खाली सहा. तिने सगळी पानं टेबलावर ओळीने वाळत मांडली. तेवढ्यात प्लास्टरचा पाय ओढत, कुबडी टेकत नणंद आली, खुर्चीत बसली आणि चष्मा लावून एकेक पान बघू लागली.

"चित्रं झकास झालीत," ती म्हणाली. मग तिने एक पान डोळ्यांजवळ धरलं. "पण काय गं, शेळीला वरचे दात कधीपासून यायला लागले?"

"म्हणजे?"

"समोर वर दात नसतातच तिला. नुसती हिरडी असते, टणक. खालच्या दातांनी आणि त्या हिरडीने पाला तोडते ती."

"ताई, गोष्टीतली शेळी आहे."

"असू दे की. वीस वर्षं शेळ्या पाळल्यात मी. हे तोंड माणसाचं दिसतंय. आमच्या सरपंचाचं."

नणंदेवर ती अशी कधी चिडली नव्हती. चिडायचं कारण एवढंच, की नणंद खरं बोलतेय हे तिला ऐकताक्षणीच कळलं होतं. चूक आपली, आणि तीही दुसऱ्याच्या हट्टापायी केलेली. "तुम्ही आधी का नाही सांगितलंत? नऊ दिवस इथेच बसून होतात!"

"मी विचारलं होतं, बघू का म्हणून. तू म्हणालीस, झाल्यावर बघा."

तेही खरंच होतं.

ती तशीच वही-पेन्सिल घेऊन, चप्पल घालून बाहेर पडली. रस्त्याच्या टोकाला एकजण शेळ्या बांधायचा, दूध विकायचा. "जरा एखादीचं तोंड उघडून दाखवता का?" तिने विचारलं.

"दातांवरून वय बघायचंय? घ्यायची आहे का?"

"नाही हो. वरचे दात बघायचेत."

त्याने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की त्यापेक्षा शेळी विकत घेतलेली परवडली असती. पण त्याने एकीचा ओठ वर केला. वर गुळगुळीत, गुलाबी हिरडी. वाकून ती तिचं चित्र काढत असताना शेळी तिच्या तोंडावर खच्चून शिंकली.

तोंड पुसून, घरी येऊन तिने फोन लावला.

"शेळीला वरचे पुढचे दात नसतात. मी ते काढून टाकणार आहे."

"मॅडम, दात कोण बघतंय?"

"मुलं बघतात. मोठ्यांनी न पाहिलेलं सगळं मुलंच बघतात. माझ्या एका पुस्तकातल्या कोंबडीला चुकून तीन पाय झाले होते. त्याची पत्रं मला अजून येतात."

"पण हसणं राहील ना?"

"डोळ्यांत राहील. तोंडात नाही."

मग तो म्हणाला, "आतल्या पानांत चालेल."

या 'आतल्या पानांत' मध्ये काहीतरी दडलंय, हे तिला तेव्हाच कळायला हवं होतं. पण पुन्हा सोळा तोंडं रंगवायची होती, तिकडेच सगळं डोकं लागलं. या वेळी नणंद शेजारी बसली आणि प्रत्येक तोंड कच्चं असतानाच तपासू लागली. "जबडा आडवा सरकव. रवंथ करताना तो सरळ खालीवर होत नाही." "कान जरा पाड, ऊन आहे ना चित्रात?" निम्म्या वेळा ती बरोबर असायची. उरलेल्या वेळा दोघींची जुंपायची आणि नवरा पेपर उचलून गॅलरीत जायचा. बारा दिवसांत काम झालं.

पुस्तकाचं पार्सल आलं, तेव्हा नणंदेनेच ते कात्रीने फोडलं आणि ती मोठ्यांदा हसत सुटली. "अगं, हिला कवळी कुणी बसवली?"

मुखपृष्ठावरच्या शेळीला वरखाली दात होते, चमचमणारे. प्रकाशनातल्या कुणीतरी कॉम्प्युटरवर ते चिकटवले होते. तिला विचारलं नव्हतं.

ती फोनवर जे बोलली, त्याने नवरासुद्धा दचकला. 'छोटासा बदल' आधी म्हणाला, विक्रीवाल्यांचा आग्रह होता. मग म्हणाला, आता छापून झालं. शेवटी अगदी बारीक आवाजात म्हणाला, "चुकलं माझं. मी विचारायला हवं होतं."

पुढच्या महिन्यात एका शाळेच्या वाचनालयात तिने ते पुस्तक मुलांना वाचून दाखवलं. वाचन संपल्यावर पुढे बसलेल्या, केसांना दोन क्लिपा लावलेल्या मुलीने हात वर केला. "बाहेरची शेळी वेगळी आहे का? तिला दात आहेत."

खोटं काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. तसं सुचलंही. पण सहा महिन्यांची चिडचिड तिच्या घशाशी आली होती. "ती चूक आहे," ती म्हणाली. "खऱ्या शेळीला समोर वरचे दात नसतात. मी रंगवले नव्हते, दुसऱ्या कुणीतरी लावले."

मग काय, चाळीस मुलांनी पेन्सिली काढल्या आणि वाचनालयातल्या पाचही प्रतींवरचे वरचे दात खोडायला झटापट सुरू केली. ग्रंथपाल बाई कपाळाला हात लावून बसल्या. मुलं पांगल्यावर तिने त्यांची माफी मागितली.

दुसऱ्या आवृत्तीत मुखपृष्ठ सुधारून आलं. शेळी थंडपणे रवंथ करत होती. त्याच आठवड्यात पुन्हा फोन आला. पुस्तक चांगलं चाललंय, पुढचा भाग हवा, आणि विषयही ठरलाय. शेळी रोज दात घासते.

तिने फोन हातात तसाच धरला, डोळे मिटले आणि मनात दहापर्यंत आकडे म्हटले.

"फक्त खालचे घासेल," ती म्हणाली. "आणि मुखपृष्ठ मला दाखवल्याशिवाय छापखान्यात जाणार नाही. हे कागदावर लिहून पाठवा."

त्याने दुसऱ्याच दिवशी लिहून पाठवलं. पत्रात एक शुद्धलेखनाची चूक होती. ती तिने लाल पेन्सिलीने दुरुस्त केली, पत्र फायलीत लावलं आणि टेबलावरच्या बशा उचलायला घेतल्या.