थंडीमामांची लॉरी

दिवाळी सरली की थंडीमामा रात्री आपल्या लॉरीच्या बॉनेटवर गोधडी पांघरत आणि स्वतः नुसत्या बंडीत ओट्यावर झोपत. कल्याणला ते आमचे शेजारी. लष्करात असताना काश्मीरकडे त्यांच्या गाडीतलं डिझेल म्हणे मेणासारखं थिजलं होतं. मग त्यात रॉकेल मिसळून गाड्या चालवल्या. ती धास्ती मामांनी कल्याणला सोबत आणली.

कल्याणात माठातलं पाणीसुद्धा धड गार होत नाही, पण हिवाळ्यात मामा टाकीत रॉकेल ओतायचेच. मामी म्हणायच्या, "अहो, स्टोव्हला थेंब उरला नाही. चहा कशावर करू?"

"तुला शेजारी मिळेल," मामा लॉरीकडे बघत शांतपणे सांगत. "तिला कोण देणार?"

माझं लग्न माघात, नाशिकला मुलाच्या घरी, गोरज मुहूर्तावर ठरलं. वऱ्हाड मामांच्या लॉरीतून निघालं. कसारा घाटात आम्ही कुडकुडत होतो; लॉरी मात्र झोकात चढली. इगतपुरीला मामांनी उतरून टाकीला कान लावला.

"थिजलं नाही," ते म्हणाले.

"आम्ही थिजलो," वडील म्हणाले.

"माणसांवर उपाय नाही माझ्याकडे."

नाशिकला दिवेलागणीला आमच्या गॅसबत्त्या पेटवायला घेतल्या, तर सोबत आणलेला रॉकेलचा डबा रिकामा. वडिलांनी मामांकडे पाहिलं.

"घाटाखाली ओतलं," मामा म्हणाले. "वर थंडी फार."

मुहूर्त तोंडावर, मांडवात अंधार. सासरकडची मंडळी कुजबुजू लागली. अंधारात मी सासऱ्यांचा चेहरा शोधू लागले. मामा गेले, लॉरी मांडवाच्या तोंडाशी आणून उभी केली आणि पुढचे दोन्ही दिवे लावले. इंजिनाच्या धडधडीत मंगलाष्टका कुणालाच ऐकू येईनात. अक्षता अंदाजाने पडत राहिल्या. अंतरपाट दूर झाला, माझे डोळे दिपले आणि मी हार घातला तो भटजींना.

"ताई, जरा उजवीकडे," ते हळूच म्हणाले.

पहिल्यांदा हसले ते सासरे. मग अख्खा मांडव हसला, आणि त्या घराची माझी भीती तिथेच गेली.

पुढे मामांनी लॉरी विकली आणि मामींना घेऊन मुलीकडे नागपूरला निघाले. आम्ही नवराबायको नाशिकच्या स्टेशनवर भेटायला गेलो होतो. मामींना डब्यातच ठेवून मामा उतरले आणि थेट इंजिनापाशी गेले.

"हिवाळ्यात हिच्यात काय घालता?" त्यांनी ड्रायव्हरला विचारलं.

"कोळसा."

"आणि उन्हाळ्यात?"

"कोळसाच."

मामा परत येऊन खिडकीशी बसले. "सुखी माणूस आहे," एवढंच म्हणाले, आणि गाडी हलेपर्यंत इंजिनाकडेच बघत राहिले.