‘कोणी’चा रकाना

२३ जूनला सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी गोदामाचं दार उघडलं, तेव्हा सात हजार आठशे पंचेचाळीस रुपयांची काच जमिनीवर पडलेली होती. शाळांच्या प्रयोगशाळांना पुरवायच्या परीक्षानळ्या, चंचुपात्रं आणि नरसाळी; एकूण पाच खोकी. वरच्या खिडकीचं एक दार आत उघडून वाऱ्याने हलत होतं. रात्री त्यानेच खिडकीखालच्या थप्पीला धक्के देऊन वरची पाच खोकी पाडली होती, हे सांगायला शास्त्रज्ञ नको होता.

"काच फुटली," दारातल्या पाच-सहा जणांपैकी कुणीतरी म्हणालं.

"कोणी फोडली?" मागून आवाज आला.

कुणी वळूनही पाहिलं नाही. त्या कंपनीत हा प्रश्न एकच माणूस विचारत असे, आणि म्हणूनच त्याचं नाव कोणीकाका पडलं होतं.

काका कंपनीत चौतीस वर्षं इंग्रजी पत्रं आणि अहवाल टाइप करत होते. आधी टाइपरायटरवर, मग कॉम्प्युटरवर. निवृत्तीला आठ महिने उरले होते. त्यांचं इंग्रजी म्हणजे व्याकरणाचं इंग्रजी. बोलायला उभं केलं तर घाम फुटायचा, पण चुकलेलं वाक्य त्यांना पानाच्या दुसऱ्या टोकावरून दिसायचं. हे त्यांना शाळेतल्या एका मास्तरांनी दिलं होतं. ॲक्टिव्ह आणि पॅसिव्ह व्हॉइस शिकवताना मास्तर म्हणाले होते, "ॲक्टिव्ह वाक्यात काम करणारा छाती काढून पहिल्या रांगेत उभा असतो. पॅसिव्हमध्ये तो शेवटच्या बाकावर, ‘बाय’च्या आड बसतो. आणि ‘बाय’ कापला, की खिडकीतून उडी मारून पळतो. तेव्हा पोरांनो, ‘बाय’ नसलेलं वाक्य दिसलं की आधी खिडकीबाहेर बघा."

बाकीच्या मुलांनी त्यातून पाच मार्क मिळवले. काकांनी मात्र त्यातून जगाकडे बघायची नजर घेतली. पुढे नोकरीत रोज हातात पडणारे अहवाल तसलेच असायचे. ‘इट हॅज बीन डिसायडेड’, म्हणजे ठरवण्यात आलं आहे. ‘द बिल वॉज मिसप्लेस्ड’, म्हणजे बिल गहाळ झालं. ठरवलं कोणी? गहाळ केलं कोणी? टाइप करता करता काका पेन्सिलीने बाजूला बारीक प्रश्नचिन्ह काढायचे आणि शेवटी खोडून टाकायचे.

घरीही तीच गत. एकदा स्वयंपाकघरातून आवाज आला.

"अहो, कप फुटला."

"कोणी फोडला?"

"आपोआप फुटला."

"कप आपोआप फुटत नसतो."

"बरं. कप माझ्याकडून फोडला गेला," काकू बाहेर येऊन म्हणाल्या. "आता चहा तुमच्याकडून पेल्यातून प्याला जाईल."

चार वर्षांपूर्वी ऑफिसातली मोठी कात्री हरवली. ती कोणी हरवली हे आजतागायत कळलेलं नाही, आणि काकांना त्यामुळे अजून झोप लागत नाही असं लोक म्हणत. त्या कात्रीपायी काकांनी आपल्या टेबलामागे किल्ल्यांचा फळा लावला आणि त्याखाली एक नोंदवही टांगली. तारीख, किल्ली नेल्याची वेळ, परत आणल्याची वेळ, आणि सगळ्यांत रुंद रकाना, ‘कोणी’. पानांना क्रमांक त्यांनी स्वतः घातले. लोक हसत, पण सही करत, कारण सही केल्याशिवाय काका किल्लीवरचा हात काढत नसत. मॅनेजरसाहेबांचा भाचा तिथे सुपरवायझर होता, सगळे त्याला भाचेबुवा म्हणत. त्याने एकदा ‘कोणी’च्या रकान्यात ‘भूत’ असं लिहिलं. काकांनी तीन दिवस चौकशी केली.

गोदाम ज्यांच्या ताब्यात होतं त्या स्टोअरबाई दोन वर्षं हंगामी होत्या. नवरा आजारपणात गेला, पदरात एक मुलगी, आणि ३० जूनला त्यांना कायम करण्याचा कागद निघायचा होता. कायम व्हायला इंग्रजीचा एक पेपर लागे. तो काकांनी रोज जेवणाच्या सुट्टीत, वीस मिनिटं, करून घेतला होता.

"द क्लार्क रोट द लेटर. पॅसिव्ह कर."

"द लेटर वॉज रिटन बाय द क्लार्क."

"शाब्बास. आता ‘बाय द क्लार्क’ कधी गाळायचं?"

"करणारा कोण ते सगळ्यांना ठाऊक असेल तेव्हा. किंवा कुणालाच ठाऊक नसेल तेव्हा." मग डबा बंद करता करता बाई म्हणाल्या, "आणि काका, ठाऊक असून सांगायचं नसेल तेव्हा?"

काका इतके खूश झाले की त्यांनी आपल्या डब्यातलं केळं तिला दिलं. पेपरात तिला एकसष्ट मार्क पडले. आता फक्त मॅनेजरसाहेबांचा चांगला शेरा उरला होता. आणि तेवढ्यात काच फुटली.

काकांनी पहिला संशय घेतला तो तिच्यावरच. शिष्या झाली म्हणून काय झालं?

"काल खिडकी लावली होतीस?"

"लावली होती, काका. साडेपाचला. स्टुलावर चढून बोल्ट खाली केला."

"ओढून पाहिलास?"

"लावलेला बोल्ट पुन्हा ओढून कोण बघतं?"

हे उत्तर काकांना अजिबात आवडलं नाही. जगातले निम्मे घोटाळे ओढून न बघितल्यामुळे होतात असं त्यांचं मत होतं. पण तिची नजर सरळ होती, म्हणून त्यांनी संशय तात्पुरता बाजूला काढून ठेवला. पुसला नाही.

दुपारी मॅनेजरसाहेबांनी अहवालाचा हाताने लिहिलेला मसुदा पाठवला. मुख्य कचेरीला जायचा होता, म्हणून इंग्रजीत. काकांनी चष्मा पुसला आणि वाचलं. पहिलं वाक्य: खिडकी उघडी आढळली. दुसरं: खोकी फुटलेली आढळली. दोन्ही पॅसिव्ह, दोन्हींना ‘बाय’ नाही. तिसरं: ‘ड्यू केअर वॉज नॉट टेकन बाय द स्टोअरकीपर’. योग्य काळजी घेतली गेली नाही, स्टोअरकीपरकडून.

सबंध पानात एकच ‘बाय’, आणि तो बाईंच्या गळ्यात. काकांच्या मानेवरचे केस उभे राहिले. ज्याने एवढ्या वर्षांत एकाही अहवालात कुणाचं नाव घातलं नाही, त्याला आजच ‘बाय’ कसा आठवला? यात कुणालातरी झाकायचं होतं.

आणि कुणाला, हे ओळखायला वेळ लागला नाही. भाचेबुवा. तो संध्याकाळी गोदामात जाऊन सिगरेट ओढतो, हे सगळ्यांना माहीत होतं. धूर बाहेर जायला खिडकी उघडायची, मग विसरायची. मामाने भाच्याला वाचवायचं आणि बाईला बुडवायचं. काकांना एकदम तरतरी आली. चौतीस वर्षं ते ज्या ‘बाय’ गाळलेल्या माणसाच्या मागावर होते, तो शेवटी हाताला लागला होता.

"काय काका, अहवाल झाला का?" भाचेबुवा टेबलाशी येऊन उभा राहिला. त्याच्या खिशाला तंबाखूचा वास येत होता.

"होईल. घाई कोणाला आहे?"

"मामांना."

"तुला नाही?"

"मला कशाला?" असं म्हणून तो फळ्यावरच्या किल्ल्यांकडे बघत राहिला. निदान काकांना तरी तसं वाटलं.

सगळे चहाला गेले तसे काका उठले. त्यांनी नोंदवही खुंटीवरून काढली, टेबलावर ठेवली आणि पान ११२ उघडलं. तारीख २२ जून. बोट वरून खाली येऊ लागलं. सकाळी नऊ पाच, स्टोअरबाई. साडेअकरा, हमाल. दोन वाजून दहा, पुन्हा बाई. पाच बत्तीसला किल्ली परत, सही बाईंची. आता पुढची ओळ. काकांनी श्वास रोखला.

पाच पन्नासला किल्ली नेली. सहा वाजून चार मिनिटांनी परत. ‘कोणी’च्या रकान्यात स्वच्छ, वळणदार, तिरप्या रेघेने अधोरेखित केलेली सही होती.

ती काकांची स्वतःची होती.

त्याखाली दिवस संपल्याची रेघ. भाचेबुवाचं नाव त्या पानावर कुठेच नव्हतं.

काकांनी तारीख पुन्हा वाचली. मग आठवत गेलं, आणि आठवायला नको होतं असं वाटत गेलं. रोज सगळे गेल्यावर ते गोदामाची किल्ली घेत, आत जात, दिव्याची बटणं बघत, नळ बघत, आणि स्टुलावर चढून खिडकीचा बोल्ट वर ओढून पुन्हा खाली बसवत. बाईने नीट लावला की नाही, हे बघायला. हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि सवय इतकी जुनी की केलेलं लक्षातही राहत नसे. कालही बोल्ट वर ओढला होता. तेवढ्यात पलीकडे त्यांच्या टेबलावरचा फोन वाजला होता, आणि ते उतरले होते.

पुन्हा चढले होते का?

घरी गेल्यावर त्यांनी काकूंना विचारलं, "काल संध्याकाळी तू ऑफिसात फोन केला होतास?"

"केला होता की. आज भाजी आणली जाणार आहे का, ते विचारायला. तुम्ही ‘कोणाकडून?’ असंही म्हणाला नाहीत, म्हणून लक्षात आहे. धापा टाकत होतात. म्हटलं काय झालं, तर म्हणालात स्टुलावरून घाईने उतरलो."

"मग?"

"मग काय? पिशवी घेऊन लगेच निघतो म्हणालात. आणि वीस मिनिटांत दारात हजर. का हो, कुणी काय केलं?"

चौतीस वर्षांत पहिल्यांदा त्या प्रश्नाला काकांकडे उत्तर होतं, आणि ते तोंडातून निघत नव्हतं.

रात्रीतून बऱ्याच वाटा सुचल्या. नोंदवही कुणी उघडतही नव्हतं, सगळे तिला काकांचं खूळ समजत. पान काढता आलं असतं, पण क्रमांक त्यांनीच घातले होते. ११२ गेलं की १११ आणि ११३ बोंबलले असते. दुसरी वाट सोपी होती. मसुदा आहे तसा टाइप करायचा. बाईचं कायम होणं गेलं असतं, इतकंच. आणि ती सगळ्यांना सांगत राहिली असती, की मी बोल्ट लावला होता.

सकाळी काकांनी नवा अहवाल टाइप केला. एक पान, चार वाक्यं, चारही ॲक्टिव्ह. ‘आय ओपन्ड द विंडो बोल्ट. आय डिड नॉट क्लोज इट अगेन.’ स्टोअरकीपरने साडेपाचला खिडकी लावली होती. तपासायला मला कोणीही सांगितलं नव्हतं. खाली सही, सोबत पान ११२ची प्रत.

मॅनेजरसाहेबांनी वाचलं, दार लावून घेतलं आणि कपाळ चोळलं.

"अहो काका, एवढं सरळ कोण लिहितं? असं करू, बाईंचं वाक्य काढून टाकतो. नुसतं ‘खिडकी उघडी राहिली’ असं ठेवू. तुम्ही मोकळे, त्याही मोकळ्या. वारा आला, काच फुटली. वरचे लोक वाचतही नाहीत."

"साहेब, तो ‘बाय द स्टोअरकीपर’ तुम्ही कशाला घातला होता?"

"वरच्यांना कुणाचं तरी नाव लागतं. गोदाम त्यांच्या ताब्यात, म्हणून त्यांचं. त्यात काय एवढं? भाचा तर त्या दिवशी दुपारीच रजेवर गेला होता, नाहीतर तुम्ही त्याच्यावरही घातलं असतं."

काकांचे कान तापले. त्यांनी खाली बघितलं.

"ते वाक्य काढून चालणार नाही," ते म्हणाले. "नाव नसलेलं वाक्य वाचलं, की माझ्यासारखा एखादा तिकडे बसलेला असेल. तो गोदाम कोणाकडे होतं ते बघेल आणि बाईंच्या नावापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढेल. मी खोडायचो. तो खोडेलच असं नाही."

साहेबांनी सही केली. "तुमच्या पगारातून कापलं जाईल," ते म्हणाले.

"कोणाकडून?" सवयीने काका बोलून गेले.

"माझ्याकडून," साहेब म्हणाले, आणि पहिल्यांदाच दोघं हसले.

बाईंना त्यांनी दुपारच्या सुट्टीत सांगितलं. आभार वगैरे काही मिळाले नाहीत. तिने डबा बाजूला ठेवला.

"म्हणजे दोन वर्षं रोज माझ्यामागे येऊन तुम्ही माझा बोल्ट ओढून बघत होतात?"

"रविवार सोडून."

"आणि दोन वर्षांत एकदा तरी उघडा सापडला?"

काका डब्याचं झाकण लावू लागले.

"सांगा ना काका. पूर्ण वाक्यात."

"एकदाही नाही. म्हणजे, मला तो एकदाही उघडा सापडला नाही."

"आता किल्ली मी परत केली की परत केली," ती म्हणाली. काकांनी मान हलवली. त्या संध्याकाळी सहा वाजेपर्यंत ते फळ्यासमोर बसून राहिले, हात मांडीखाली दाबून. मग घरी गेले.

३० जूनला बाईंचा कागद निघाला. ‘शी हॅज बीन कन्फर्म्ड’, असं त्यात होतं. ‘बाय’ नव्हता, आणि काकांनी तो शोधला नाही.

दरमहा अकराशे याप्रमाणे सात महिने काकांच्या पगारातून कापले गेले. आठव्या महिन्यात ते निवृत्त झाले, आणि त्या महिन्याचा हप्ता हिशोबात धरायचा राहून गेला. कंपनीला काकांकडून एकशे पंचेचाळीस रुपये येणं आहे.