चिंधीवरची पहिली शिवण

रोज सकाळी मावशी मशीनची सुई फडक्याने पुसायची, एका चिंधीवर वीतभर शिवण घालायची आणि ती ओढून बघायची. तोवर शिलाईच्या त्या लांबट खोलीत एकाही पोरीचा पाय पेडलवर जात नसे. कुणी सांगितलं नव्हतं. तशी रीतच पडून गेली होती. सख्खी मावशी ती एकट्या भाचीची, पण सगळा कारखाना तिला मावशीच म्हणायचा.

भाची तिच्या शेजारी बसून बाह्या जोडायची. तिचं लग्न ठरलं होतं. त्यामुळे गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होऊ नये म्हणून लस द्यायला नर्स कारखान्यात आली, तेव्हा सगळ्यांत आधी हिनेच मान खाली घातली.

"ती घेतली की मूल होत नाही," काजं करणारी छातीठोकपणे म्हणाली.

"असं कोण म्हणतं?" नर्सने विचारलं.

"सगळेच म्हणतात."

"बोटात सुई घुसली तर तेल लावून कामाला लागता ना गं? मग माझ्याच सुईने काय घोडं मारलंय?"

पोरी खुदखुदल्या. जागची मात्र एकही हलली नाही.

मग मावशी उठली. नर्ससमोर बसून तिने बाही वर सारली. नर्स हळूच म्हणाली, "मावशी, तुमच्या वयाला आता हिचा उपयोग नाही हो."

"ठाऊक आहे. मला तोच आजार झालाय." खोलीभर ऐकू जाईल असं ती बोलली. भाचीला हे तेव्हाच कळलं. मावशीने खुर्ची रिकामी केली. "ये गं. पोराची काळजी वाटते ना? मग त्याची जागा आधी जप."

भाची रडतरडतच बसली. तिच्यामागे काजंवाली, मग बाकीच्या. दोघी मात्र नाहीच उठल्या.

आता मावशीच्या मशीनवर नवी बाई बसते. हात चांगला आहे तिचा. पण आली की लगेच पेडल दाबते. भाची मात्र कापड सुईखाली सरकवून अजून क्षणभर थांबते. कान शेजारच्या मशीनकडे. त्या वीतभर शिवणीचा आवाज येत नाही. मग ती दंडावरून हात फिरवते आणि कामाला लागते.

मावशी शेवटची कामावर आली त्या संध्याकाळी मशीनवर कापड झाकताना म्हणाली होती, "उद्या दवाखान्यातून येईन, उशीर होईल. बॉबिन भरून ठेव, आणि माझ्यासाठी थांबू नका गं."