दारातल्या चपला

मी सातवी-आठवीला विज्ञान शिकवायचे. एकतीस वर्षं. लिंबातून 'रक्त' कसं काढतात ते दरवर्षी वर्गात करून दाखवायचे आणि पोरांना सांगायचे, कुणाच्या अंगात आलं म्हणलं की आधी त्याची नाडी बघा. त्यामुळं न उलगडलेल्या अनुभवांच्या या सदरात माझं लिहिलेलं पाहून माझे जुने विद्यार्थी खो-खो हसतील. हसू द्या. दोन वर्षांपूर्वी मीही हसले असते.

आमचं घर कळमनुरीत, नांदेड रोडवर. रस्त्याला लागून लोखंडी गेट, मग चार पावलांचं अंगण, तीन पायऱ्या, वर ओटा. ओट्यावर चपला काढायच्या आणि आत यायचं. एवढं नीट ध्यानात ठेवा, कारण सगळं तिथंच घडलं.

घरात मी आणि आमचे हे. हे कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होते, आता निवृत्त. लेक प्रीती लग्न होऊन जपानला, ओसाकात. एकुलती एक, असं मी सगळ्यांना सांगायचे. त्याचं पुढं सांगते.

प्रीतीचं पहिलं तिसऱ्या महिन्यात गेलं होतं. पुन्हा दिवस राहिले तेव्हा मी एकच मागणं धरून बसले — हे लेकरू सुखरूप हातात येऊ दे. बाळंतपण माहेरी करायचं ठरलं, म्हणून सहावा महिना लागल्यावर तिला आणायला आम्ही दोघं जपानला गेलो. जावयांना रजा नव्हती, ते मागून येणार होते.

निघण्याच्या दोन दिवस आधी प्रीतीनं क्योटोत देवळं दाखवायला एक गाईड ठरवली. फक्त आम्हा तिघांसाठी, पायी पायी, बसत बसत — प्रीतीला झेपेल तसं. गाईड म्हणजे हायाशीबाई. सत्तरीच्या, बारीक, पाठ ताठ, हातात काळी छत्री. त्या जपानीत बोलायच्या, प्रीती आम्हाला मराठीत सांगायची.

आमच्या ह्यांनी पहिल्याच ठिकाणी दिवे लावले. जपानात शिंतो देवस्थानाच्या वाटेवर लाल लाकडी कमान असते. तिथून आत जाताना मधोमध चालायचं नाही, मधली वाट देवाची. हे बरोबर मधोमध, तेही कमानीपाशीच बूट काढून मोज्यांवर! हायाशीबाई बूट घेऊन मागं पळाल्या. पुढं दगडी हौदातलं पाणी लाकडी पळीनं हातावर घ्यायचं, चूळ भरून बाजूला टाकायची. ह्यांनी डोळे मिटून तीर्थ म्हणून पिऊन टाकलं आणि उरलेलं टकलावरून फिरवलं. बाई तोंडावर हात धरून हसल्या. मग आम्ही एका पायरीवर बसून धपाटे खाल्ले. त्यांनीही एक घेतला, आणि पाच मिनिटं उचक्या देत बसल्या.

तिथून चढणीवरच्या एका लहानशा बौद्ध देवळात गेलो. तिथं मात्र खरंच जोडे काढायचे होते. आम्ही काढले आणि आत शिरलो. मागं वळून पाहते तर हायाशीबाई गुडघ्यावर बसून आमचे तिघांचे जोडे फिरवून ठेवताहेत. टाचा दाराकडं, तोंडं बाहेर.

मी म्हणलं, "अहो राहू द्या, आमच्या चपलांना कशाला हात लावता?"

प्रीतीनं त्यांचं उत्तर सांगितलं. "आलेल्या माणसाला निघताना सोपं जावं म्हणून."

देवळामागं उतारावर लहान लहान दगडी मूर्ती होत्या. शंभरेक असतील. वीतभर उंचीच्या, गोल चेहऱ्याच्या, प्रत्येकीच्या गळ्यात लाल लाळेरं आणि डोक्यावर विणलेली लाल टोपी. त्यांना जिझो म्हणतात. जी लेकरं जन्माआधी गेली किंवा आल्या आल्या गेली, त्यांना हा देव सांभाळतो. आईबाप येऊन टोप्या घालतात.

प्रीतीनं वाकून एका टोपीवरून बोट फिरवलं. मला वाटलं, तिचं गेलेलं आठवलं. पण मला माझंच आठवलं... कारण प्रीतीच्या आधी मला एक मुलगा झाला होता. चौतीस वर्षं झाली. अकरा दिवस जगला. बाराव्या दिवशी बारसं होतं, म्हणजे बिचाऱ्याला नावसुद्धा मिळालं नाही. ह्यांनी आणि दिरांनी त्याला कयाधू नदीच्या काठी नेऊन पुरलं. सासूबाई म्हणाल्या, आता विषय काढायचा नाही. आम्ही काढला नाही. प्रीतीलाही कधी सांगितलं नाही.

कडेच्या एका मूर्तीची टोपी डोळ्यांवर घसरली होती. मी ती नीट केली. आणि निघताना, तोंडातून आपसूक निघून गेलं, "येते रे बाळा. ये बरं का आमच्याकडं, कळमनुरीला."

आता हे आपल्याकडचं वळण आहे. उठताना 'या कधी घरी' म्हणायचंच. वीजबिल द्यायला आलेल्या माणसालासुद्धा आपण चहाला बोलावतो. पण हायाशीबाईंनी विचारलं, काय म्हणाल्या? प्रीतीनं सांगितलं. बाईंचं हसू मावळलं.

"असं इथं बोलवत नाहीत," त्या म्हणाल्या. "ही लहान आहेत. कुणी बोलावलं की खरंच निघतात. 'तू इथंच राहा' असं सांगून या."

मी म्हणाले, लेकराला असं कसं तोडून बोलायचं? आणि वळले. मागं त्या बराच वेळ मूर्तीपुढं वाकून उभ्या होत्या.

कळमनुरीला आल्यावर चौथ्या दिवशी दुपारी मी ओट्यावर आले, तर तिघांच्या चपला ओळीनं लावलेल्या, तोंडं बाहेर. म्हणलं, प्रीतीची जपानी शिस्त. प्रीतीला वाटलं, आईला वळण लागलं! ह्यांना तर गुडघ्यामुळं वाकताच येत नाही. भांडीवाल्या मावशी सकाळीच येऊन जातात. दोन दिवसांनी पुन्हा. मग रोज. नेहमी दुपारीच, दोन-तीनच्या सुमारास.

मी खडू घेतला. प्रत्येक चपलेभोवती रेघ मारली, गेटला कुलूप लावलं, किल्ली पदराला बांधली. चपला फिरल्या. रेघा तशाच. मग खिडकीत मोबाइल लावून चाळीस मिनिटं चित्रीकरण केलं. त्यात गेटवर एक कावळा येऊन बसतो आणि उडून जातो, बाकी काही नाही. पण मोबाइल उचलून आत ठेवून परत आले, तेवढ्या मिनिटभरात... फिरलेल्या!

 हायाशीबाईंचं बोलणं आठवलं. मी काहीतरी घरात बोलावून ठेवलं होतं, आणि घरात माझी लेक पोटुशी होती.

एका दुपारी प्रीती झोपली असताना मी ओट्यावर उभी राहिले आणि मोकळ्या पायऱ्यांकडं बघून ओरडले, "जा! आलास तसा चालता हो! माझ्या लेकीच्या जवळ फिरकू नको!"

हे मागं दारात उभे होते. म्हणाले, "कोणाला म्हणून राहिली तू?"

 त्यांना उमगलं. हळूच म्हणाले, "त्याला तर आपण एकदा घालवूनच आलतो गं. पुन्हा काहून?"

आणि आत निघून गेले. चौतीस वर्षांत हे पहिल्यांदा त्याच्याबद्दल बोलले, आणि तेही असं. मला रडू आलं, पण खरं सांगते, सुटकाही वाटली. कारण दुसऱ्या दिवसापासून चपला फिरायच्या थांबल्या. दीड महिना काही नाही.

आठवा महिना सरत आला होता. एका दुपारी प्रीती पलंगावर पडून होती. मी विचारलं, कसं वाटतंय? म्हणाली, "मी बरी आहे. बाळ आज जरा शांत आहे, झोपलं असेल." मी ओट्यावर आले. माझ्या आणि ह्यांच्या चपला जागच्या जागी. फक्त प्रीतीच्या फिरलेल्या, आणि ओट्यावर नाही — सगळ्यात खालच्या पायरीवर.

 आता हे माझ्या लेकीलाच घराबाहेर काढून राहिलंय, असं वाटलं. मी चपला उचलून वर ठेवल्या, तोंडं भिंतीकडं. दहा मिनिटांनी पाहते तर त्या गेटपाशी. पुन्हा आणून ठेवल्या. चुलीवरचं दूध उतरवून आले, तर ओटा रिकामा. गेटला आतून कडी. आणि चपला गेटच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला... तोंडं नांदेडकडं.

मी ह्यांना हाक मारली. त्यांनी चपलांकडं पाहिलं, आत जाऊन प्रीतीची दवाखान्याची फाईल घेतली आणि जीपवाल्याला फोन लावला.

"अहो, काय करताय? तिला काही त्रास नाहीये!"

"नसू दे. पोरीला नांदेडला न्यायचं."

"पण काहून?"

"मला न्हाई माहीत काहून. चपला रस्त्यावर आहेत नं? मग निघायचं."

प्रीती वैतागली, कुरकुरली, पण बापाचा चेहरा पाहून जीपमध्ये बसली. नांदेडच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मशीन लावलं आणि दोन मिनिटांत धावपळ सुरू झाली. नाळेचे दोन वेढे गळ्याभोवती, ठोके पडत चाललेले. अर्ध्या तासात सिझेरियन. मुलगी झाली. काचेच्या पेटीत ठेवावी लागली, पण रडली — चांगली टाहो फोडून रडली.

डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "नशीब, आज आलात. तुम्हाला कळलं कसं?"

काय सांगणार, कपाळ? मी बाकावर बसून हमसून हमसून रडले. ज्याला मी चालता हो म्हणलं होतं, तो जाता जाता थांबला होता. किंवा गेलाच नव्हता.

त्याच दवाखान्यात, तिसऱ्या दिवशी, मी प्रीतीला तिच्या भावाचं सगळं सांगितलं. ती आधी रागावली. "इतकी वर्षं? मला भाऊ होता आणि तुमी मला सांगितलं न्हाई?" मग माझा हात धरून बसली. प्रीतीनं बाळाचं कळवलं होतं, म्हणून हायाशीबाईंचा फोन आला, तेव्हा तिनं त्यांना चपलांचं सांगितलं.  मग त्या जे बोलल्या ते प्रीतीनं मला सांगितलं. "माझ्या लहानपणी पाहुण्यांचे जोडे फिरवून ठेवायचं काम घरातल्या सगळ्यात लहान मुलाचं असायचं. मुलं फार मन लावून करतात, शाबासकी मिळते म्हणून."

शाबासकी! आणि मी काय दिलं होतं?

आम्ही घरी आलो त्या दिवशी हे बाजारात गेले आणि लहान लेकराच्या चपला घेऊन आले. निळ्या, रबराच्या, दाबलं की चूं-चूं वाजणाऱ्या. म्हणाले, "सगळ्यांच्या फिरवतो, त्याच्या स्वतःच्या कुठं आहेत?" ओट्यावर आमच्या ओळीत त्यांनी त्या ठेवल्या. मग भिंतीला धरून, गुडघ्याच्या कळा सोसत खाली बसले, वाकले आणि बारशाला कानात सांगतात तसं त्या चपलांपाशी नाव सांगितलं — "माधव." ते नाव त्यांनी तेव्हाच ठरवलं होतं. मलासुद्धा बोलले नव्हते.

नातीचं बारसं सव्वा महिन्यानं केलं. जावई आले होते, घर माणसांनी भरलं. ओट्यावर चपलांचा नुसता ढीग, एकीवर एक, एक इकडं एक तिकडं. पाळणा म्हणून झाल्यावर बायका निघायला लागल्या आणि पहिली दारातच थबकली. "अगं बाई, हे कोणी केलं?"

ओट्यावर, पायऱ्यांवर, पार गेटपर्यंत जोड्या लागलेल्या. साठ-सत्तर असतील. सगळ्यांची तोंडं बाहेर. त्या सगळ्यांत एकच जोडी आत तोंड करून होती. निळी.

मी तिथंच उभी राहून मोठ्यानं म्हणलं, "शाब्बास रे माझ्या वाघा!" लोकांना वाटलं, म्हातारीला नातीचा आनंद झाला.

आता प्रीती लेकीला घेऊन ओसाकाला गेली. मी अजूनही विज्ञानाचीच बाई आहे. वारा, कुत्रं, मांजर, माझं डोकं, सगळं तपासून झालं. उत्तर सापडलं नाही. पाहुणे येतात तेव्हा चपला फिरतात, आम्ही दोघंच असलो की पडल्या तशा पडून राहतात.

परवा ओटा धुताना मी त्या निळ्या चपला उचलल्या. नवीन आणल्यापासून त्या कुणाच्या पायात गेलेल्या नाहीत. तळ उलटा करून पाहिला, तर टाचेशी चांगला झिजलेला, आणि खाचांत वाळलेली माती. मी ह्यांना दाखवल्या. त्यांनी चष्मा लावून पाहिल्या, बोटानं माती खरवडली.

म्हणाले, "आता येत्या बाजाराला एक नंबर मोठ्या आणतो."