मालनबाईचा एक डोळा

...आणि मालनबाईनं हात आपटला तशा डॉक्टरच्या टेबलावरच्या बाटल्या नाचल्या, इथवर काल आलो होतो. पण बाई एवढी पेटली कशानं, ते राहूनच गेलं की!

साल दोन हजार तीन. बाई येवल्याची, लग्न होऊन आली तेव्हापासून पैठणीच्या मागावर. नाशिकच्या डॉक्टरनं दोन वर्षांपूर्वी काचबिंदू सांगितला. डोळ्यातला दाब वाढतो, गेलेली नजर परत येत नाही, दुखत मात्र काही नाही. रोज थेंब घालायचे, जन्मभर. नजर गेली तर माग गेला, हे तिला कळत होतं. तिनं एक दिवस चुकवला नाही.

सहा महिन्यांत डोळे लालभडक. वाळू गेल्यासारखे खुपायचे. पाणी टपकायचं ते नेमकं रेशमावर, मग मोराच्या पिसाऱ्यात डाग.

"झोंबतंय म्हणजे लागू पडतंय," नवरा बहिरू म्हणाला.

"असं? आणा तुमचा डोळा, घालते दोन थेंब!"

बहिरू उठून ओट्यावर गेला.

डॉक्टर तर त्याच्या वरचढ. "मावशी, येवल्यात कांदा मणामणानं. डोळे झोंबणारच." तीनदा गेली, तीनदा कांदा. परतताना एसटीत ती फणफणत होती, "तीस वर्षं कांद्यात काढली, अन् कांद्यानं मला आत्ता ओळखलं व्हय?"

आता विणकराची एक रीत असते. रेशमाची नवी लडी आली की रंग पक्का आहे का बघायला अर्धी भिजवायची, अर्धी कोरडी ठेवायची. मालनबाईनं तेच केलं. थेंब फक्त डाव्या डोळ्यात घातले, उजवा कोरडा ठेवला. पंधरा दिवसांनी आरशात पाहिलं, तर उजवा निवळलेला, डावा पेटलेला. कांदा काय एकाच डोळ्यात जातो?

तशीच पहिल्या एसटीनं नाशिकला गेली, टेबलावर हात आपटला आणि काय केलं ते सांगितलं. डॉक्टरनं दाब मोजला. उजव्याचा चांगलाच चढला होता. तो ओरडला, "डोळा घालवायचाय का?" पण मग पहिल्यांदाच त्यानं डोळ्यात पिवळा रंग लावून निळा दिवा धरला. बराच वेळ बघत राहिला. आवाज उतरला. डाव्या डोळ्याचा वरचा पापुद्रा जागोजागी सुया टोचल्यासारखा झाला होता. औषध टिकावं म्हणून बाटलीत जे घालतात, त्यानं. ते नसलेले थेंब मिळतात, त्यानं लिहून दिले.

"पण मावशी, पुन्हा औषध बंद करायचं नाही. असले खेळ डोळ्याशी करतात का?"

मालनबाई पदर खोचत उठली. म्हणाली,

"न्हाय करायची. पण डॉक्टर, दीड वर्स तोंडानं सांगत व्हते, तवा तुमाला कांदा दिसला. डोळा पणाला लावला, तवा दिवा लावला. भायेर माझ्यासारख्या लय बाया बसल्यात, त्यास्नी आधी दिवा लावा."