मी साहेबांचा हात सोडवला

चहा घ्या आधी, गार होईल. आणि हसायचं तर मनमोकळं हसा, पण हा किस्सा आमच्या सूनबाईच्या कानावर घालू नका. घरात तेवढी एकटीच मला शहाणा समजते!

बहात्तरचा दुष्काळ नुकता सरला होता. भवानी पेठेत आमची लहानशी ख्रिस्ती मंडळी होती. लहान म्हणजे किती? सगळी मिळून चौदा घरं. मागाच्या कारखान्याशेजारची एक खोली, तेच आमचं देऊळ. मी शाळामास्तर, आणि मंडळीचा पंचही. पाळक, म्हणजे धर्मगुरू, मात्र सहा वर्षं नव्हता. आता पाळक मिळाला नाही तर खोलीला कुलूप लावा आणि मोठ्या देवळात जाऊन बसा, असं वरून कळवलेलं. अशात कॅनडाहून एक म्हातारं जोडपं यायला तयार झालं. आम्हाला कोण आनंद!

हॅरिस साहेब सत्तरीचे. मडमबाई दोनेक वर्षांनी लहान. तरुणपणी करमाळ्याकडे राहिलेले, त्यामुळे दोघांना मराठी येत होतं, अगदी पुस्तकातलं. साहेब सकाळी उठून स्वतःचे कपडे धुवायचे, दोरीवर वाळत घालायचे. पेठेतल्या बायका ते बघून घरी जायच्या आणि नवऱ्यांना ऐकवायच्या. दुपारी दोघं मिळून कुणाकडे आजारी असेल तिथे जाऊन बसायची.

माझं आणि साहेबांचं तर फार जमलं. मी बोलायचो, ते हसून मान हलवायचे. तासभर बोललो तरी मध्ये एक शब्द नाही! असा श्रोता मला जन्मात मिळाला नव्हता.

खटकत होती एकच गोष्ट. ही दोघं रस्त्यानं चक्क हातात हात घालून चालायची! भर पेठेत, दिवसाढवळ्या, या वयात! बरं, देवळात तरी? आमच्याकडे उजवीकडे पुरुष, डावीकडे बायका. मडमबाई मात्र सरळ पुरुषांच्या सतरंजीवर, साहेबांना खेटून. तिथंही हात हातातच. माझं अर्धं लक्ष प्रार्थनेत, अर्धं त्या हातांवर.

पंच कशाला झालो होतो मी? एका रविवारी मडमबाईंना बाजूला घेतलं आणि आपल्याकडची रीत समजावून सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी म्हणालो, "बाई, गैरसमज नको. पण इथं असंच असतं."

पुढच्या रविवारी मी स्वतः त्यांना बायकांच्या सतरंजीवर नेऊन बसवलं.

आणि गंमत सुरू झाली! गीताच्या वेळी सगळे उभे राहिले, साहेब बसलेले. सगळे बसले, साहेब उठले. मी डोळे मिटून प्रार्थना करतोय, तर मध्येच साहेबांनी खणखणीत आवाजात गाणं सुरू केलं. कुणाची तरी छत्री गेल्या रविवारी देवळात राहिली होती, ती घेऊन जा, असं मी सांगितलं. साहेब मोठ्यांदा म्हणाले, "आमेन!"

मी काय समजावं? मी समजलो, साहेब रागावले! बायकोला उठवली म्हणून मुद्दाम करतात. आता मी मागे हटणार का? मीही इरेला पेटलो.

सगुणाबाई म्हणून आमच्यातल्या एक वयस्कर बाई होत्या, मागावर सुताच्या कांड्या भरणाऱ्या. त्या तिसऱ्यांदा दारात मला गाठून म्हणाल्या, "गुर्जी, मडमबाईस्नी सायबापाशी बसू द्या की. त्यास्नी..."

"सगुणाबाई, रीत म्हणजे रीत!" मी म्हणालो आणि निघालो.

रस्त्यातलं हात धरणंही मी बंद करवलं. साहेब पुढे, मडमबाई चार पावलं मागे. मला वाटलं, आता कशी शोभतात! पंधरा दिवसही झाले नसतील. साहेब रस्त्याच्या मधून चाललेले, मागून सुताच्या गठ्ठ्यांनी भरलेली हातगाडी उतारावर सुटली. गाडीवाला बोंबलतोय, "ओ सायेब, बाजूला सरा! सरा की ओ!" सगळी पेठ ओरडतेय. मागे राहिलेल्या मडमबाई साहेबांकडे पळत सुटल्या. साहेब आपले शांत चाललेत. आणि मी, ओट्यावर उभा राहून काय म्हणालो असेन? म्हणालो, "केवढा हा ताठा! बाजूलासुद्धा होत नाहीत!"

गाडीचा धक्का बसला, साहेब खाली. नशीब थोर म्हणून पायावरच निभावलं.

संध्याकाळी भेटायला गेलो. साहेबांचा पाय गरम पाण्याच्या बादलीत, मडमबाई टेबलाशी पत्र लिहीत बसलेल्या. मी वाकून पाहिलं, परत जाण्याबद्दलचं पत्र! म्हणजे देवळाला कुलूप लावणारा मीच की!

"बाई, एवढा राग?" मी विचारलं.

"राग नाही, गुरुजी," त्या म्हणाल्या. "साहेबांना ऐकू येत नाही. फार वर्षे झाली. मी हात एकदा दाबते, ते उभे राहतात. दोनदा दाबते, बसतात. रस्त्यात मी ओढते, ते बाजूला होतात. आजाऱ्याचे बोलणे मी त्यांच्या तळहातावर बोटाने लिहिते. आता ते म्हणतात, मी येथे निरुपयोगी आहे."

साहेबांनी माझ्याकडे बघून नेहमीसारखी मान हलवली. नेहमीसारखेच हसले. महिनाभर मी ज्याला माझ्या बोलण्याची दाद समजत होतो, ते हे हसणं!

मला भयंकर लाज वाटली. आजही वाटते. "बाई, मला सांगायचं नाही का?"

"तुम्ही म्हणालात, इथं असंच असतं," त्या म्हणाल्या. "आम्ही पाहुणे. आम्ही तुमची रीत कशी मोडावी?"

मडमबाईंचा हात धरायची माझी काय छाती? मी साहेबांचाच हात उचलला आणि त्यांच्या हातात नेऊन ठेवला. मग साहेबांनी दुसऱ्या हाताने ते पत्र ओढून घेतलं, चार घड्या केल्या आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारलं.

रविवारी मी स्वतः दोघांना एका सतरंजीवर बसवलं. मंडळीपुढे उभा राहिलो, घसा खाकरला आणि मोठं गुपित फोडावं तसं सांगितलं, "आपल्या साहेबांना ऐकू येत नाही!"

कुणी चकित झालं म्हणता? छे! लोक माझ्याकडे असे बघत होते, जणू मी सूर्य पूर्वेला उगवतो असं जाहीर केलंय.

बाहेर आल्यावर मी सगुणाबाईंना गाठलं. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"व्हय की. पयल्या दिसापासनं. समद्यास्नीच ठावं हाय."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तीनदा आले की सांगाया! तुमी बोलू दिलं व्हय?" सगुणाबाईंनी पदर सावरला. "सायबाचं लई सोपं हाय, गुर्जी. हात दाबला की त्यास्नी कळतं. तुमचा काय, गळा दाबावा?"